बोडी बुजवून बसविलेल्या प्लेटा

सर्वप्रथम वाचकांस नम्रपणे कळवितो की भूत, चकवा, करणी, अंगात येणे असल्या प्रकारांवर माझा यत्किंचितही विश्वास नव्हता. नागभीडला कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली माझे टेबल आहे. लोकांचे अर्ज, तक्रारी व प्रतिज्ञापत्रे लिहिण्यातच माझे केस पांढरे झाले. ‘शेजारणीने दारात लिंबू टाकले, तिच्यावर केस करा’ म्हणत येणाऱ्यांना मी टेबलावरून उठविलेले आहे. शाळा माझी नववीतच सुटली, हे खरे. परंतु माझ्या मसुद्यात खोड काढणारा साहेब अद्याप नागभीडला बदलून आलेला नाही... तेव्हा पुढील मजकूर कोण्या भोळसट इसमाचा नव्हे, याची नोंद घ्यावी.

आमच्या गावाबाहेर एक राइस मिल आहे. मालकाचे नाव देत नाही, नुसते शेठ म्हणतो. वीजबिलाला कंटाळून शेठने सोलर बसविण्याचे ठरविले. मिलचे टीन जुने, वजन पेलणार नाही. शिवाय कोंड्याची धूळ. सबब मिलच्या मागच्या जमिनीवरच लोखंडी स्टँड रोवून त्यावर काचा चढविण्यात आल्या. आमच्याकडे त्यांना प्लेटा म्हणतात. परंतु मागची जमीन म्हणजे पूर्वी बोडी होती — धानाला पाणी द्यायला बांधलेले लहान तळे. मालकी शेठची, मासोळी धरण्याची वहिवाट मात्र गावातल्या ढिवर कुटुंबांची. गेल्या उन्हाळ्यात शेठने तिच्यात मुरूम टाकून ती बुजविली.

या उन्हाळ्यात शेठने मला मिलवर बोलावून घेतले. त्याचे म्हणणे असे की, सकाळी धुतलेल्या प्लेटा दुपार होता होता शेंबडासारख्या बुळबुळीत होतात, मासळीचा वास सुटतो, मोबाइलवर दिसणारी वीज घसरते आणि ऐन कामात मिल बंद पडते. कंपनीचा इंजिनियर आला आणि ‘पाखरांची घाण आहे, नीट धूत जा’ असे सांगून निघून गेला. प्लेटा धुण्याचे काम शेवंताबाईकडे होते. ही बाई त्याच ढिवर कुटुंबांपैकी. नवरा गेलेला, या मजुरीवरच तिचे घर चालते. शेठने त्यावरून निष्कर्ष काढला.

“बोडी गेली म्हून दात खाऊन राह्यली हे बाई,” शेठ म्हणाला. “मासोळ्याचं पाणी आणून शिंपडते. अशी तक्रार लिहा अर्जनवीस भाऊ, का ठाण्यातून सुटली नाई पायजे.”

मला त्याचे म्हणणे पटले. खोटे कशाला सांगू? मजकूर मनात जुळूही लागला होता. तथापि तक्रार पक्की व्हावी म्हणून मी अट घातली — आज प्लेटा हमालांनी धुवाव्यात, शेवंताबाईने माझ्या नजरेसमोर बसून राहावे, आणि दुपारी आपण सर्वांनी पाहणी करावी. काचा स्वच्छ राहिल्या, की गुन्हा बाईचा.

शेवंताबाई बादली घेऊन तिथेच उभी होती, ती हसली. “बसतो जी. रोज उन्हात पुसतो, आज साहेबावानी सावलीत बसतो.”

हमालांनी प्लेटा धुऊन कोरड्या केल्या. शेठ, मी आणि शेवंताबाई मिलच्या पडवीत बसलो. दोघांपैकी कोणीही माझ्या नजरेआड झाले नाही. ऊन असे की काचेवर हात टेकवत नव्हता. आणि मग आधी वास आला... उन्हात पडून फुगलेल्या मासळीचा. माझ्या तोंडाला पाणी सुटले, भुकेचे नव्हे, ओकारीच्या आधीचे. आम्ही उठून मधल्या रांगेपाशी गेलो.

प्लेट तिरपी असते, हे ध्यानात घ्यावे. पाणी टाकले तर ते खाली ओघळते. हा चिकट थर खालच्या कडेपासून वर चढत होता. हळूहळू. मरळ मासोळी हातात धरली की जशी बुळबुळ लागते, तशी. मध्ये मध्ये खवले चिकटलेले. तापलेल्या काचेवर ती सुकायला पाहिजे होती. सुकत नव्हती. खात्री करावी म्हणून मी उजव्या हाताची बोटे तिच्यात बुडविली. काच विस्तवासारखी आणि तो थर थंडगार — आणि वाचकहो, बोटाखाली तो आक्रसला. एवढेच लिहितो. पुढे लिहवत नाही.

शेठनेही बोट लावले, हुंगले, तोंड वाकडे केले आणि ते बोट त्याने शेवंताबाईच्या पदराला पुसले.

कचेरीसमोर बसून मी माणसांची पुष्कळ घाण पाहिली आहे. परंतु त्या बुळबुळीपेक्षा त्या बोटाची मला अधिक किळस आली.

शेवंताबाईने पदराकडे पाहिलेही नाही. ती प्लेटांखालच्या मुरमाकडे पाहत होती. मग म्हणाली, “बीज आहे जी खाली.”

मी खुलासा विचारला. तिने सांगितले तो असा. उन्हाळ्यात बोडी आटली की ढिवर लोक सगळी मासोळी काढीत नाहीत. सर्वांत खोल खड्ड्यात काही जिवंत मरळ ठेवतात, वरून ओली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि पळसाची पाने झाकतात. पाऊस पडेपर्यंत तिकडे कोणी हात लावीत नाही. पुढच्या सालाचे बीज ते. गेल्या उन्हाळ्यातही तिने स्वतःच्या हाताने ते ठेवले.

“जेसीबी आली त आमाले वाटलं, शेठ गाळ काढून राह्यले. बोडी खोल होते म्हून आमी खुश होतो.”

“मंग सांगतलं काऊन नाई?” शेठ ओरडला.

“बीज ठेवलं हे काय सांगाची गोष्ट आहे? दरसाल ठेवतो.”

मी पेनाला टोपण लावले. जे डोळ्यांनी पाहिले त्याच्या विरुद्ध मजकूर मी लिहीत नाही, असे शेठला बजावून निघालो. त्याने दुसऱ्याकडून तक्रार लिहवून घेतली. बाईचे काम गेले आणि तिला ठाण्यात बोलावणे आले. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. “तुमच्यासमोर बसलो होतो, एवढं सांगान ना भाऊ?”

मी सोबत गेलो. जमादार तर्री-पोहे खात बसले होते. माझे बयान ऐकून हसले. “काचेवर मासोळी उगवते काय, महाराज? तुमाले ऊन लागलं.”

मी उजवा हात त्यांच्या नाकाशी नेला. राखेने, लिंबाने, रॉकेलने धुतलेला हात. त्यांनी हुंगले, खुर्ची मागे सरकविली आणि पोह्याची प्लेट दूर लोटली. मग त्यांनी शेवंताबाईला घरी जायला सांगितले. चौकशी चालू राहील म्हणाले.

चौकशी अद्याप चालूच आहे. आता मिलवर प्लेटा हमाल धुतात आणि दुपारी त्या पुन्हा भरतात, असे ऐकतो. मुरूम उकरून पाहावा, असे शेठला मी दोनदा सुचविले. तो ऐकत नाही. काचेवर ते काय चढते, कोठून येते, याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. कोणा वाचकापाशी असेल तर त्याने द्यावे.

मी हल्ली चमच्याने जेवतो. हात मात्र रगडून धुणे सोडले आहे. बाईच्या बाजूने दुसरा पुरावा नाही... चौकशी संपेपर्यंत हा वास टिकला पाहिजे. रोज सकाळी उठून मी तो हुंगून पाहतो, असला की बरे वाटते, आणि मग मोरीत जाऊन ओकतो.