खरं बोलणारं पार्लर

मूल गावच्या बाजारात माझ्या मावशीचं ब्यूटी पार्लर आहे, आणि मावशीला खोटं बोलता येत नाही. या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला यायला नको होत्या.

गिऱ्हाइकानं आरशात बघत "कशी दिसते मी?" विचारलं, की बाकीच्या पार्लरवाल्या "हिरॉईन" म्हणून मोकळ्या होतात. मावशी मात्र वाकून नीट बघायची आणि सांगायची, "झोप झाली नाई तुमची." एका नवरीला तिनं समजावलं, "मेकअपनं रंग बदलते बाई, नाक नाई बदलत." नवरीची आई भांडायला आली, तर तिला खुर्चीत बसवून तिच्या भुवया वरखाली असल्याचं दाखवून दिलं. मग पार्लर ओस पडलं. मावशी रिकाम्या खुर्चीत बसून स्वतःचेच केस विंचरू लागली.

माझ्या आईनं तिला शिकवलं, कोणी काही बोललं की नुसतं 'छान' म्हणायचं. मावशीनं ते मनापासून पाळलं. दुसऱ्याच दिवशी शेजारीण सासरे वारल्याचं सांगत आली. मावशी म्हणाली, "छान."

आवाजाचंही तिला वावडं. वरातीचा बँड आला की ती कानात कापूस कोंबून टेबलाखाली जायची. मी तेव्हा नागपूरला शिकत होते. कान दाखवायला तिला घेऊन गेले. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते तिच्याशी पुष्कळ वेळ बोलले आणि म्हणाले, हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचाच.

"याले नाव आहे होय?" मावशी म्हणाली. "मंग असे आणखी लोकं असतीन. ते कुठी बसतात?"

परत आल्यावर ती प्रत्येक बाईला आधीच सांगू लागली, मले ऑटिझम आहे, दिसते ते सांगीन, चालत असन तर बसा. बायका हळूहळू बसू लागल्या. मावशी एकदा "बरी दिसते" म्हणाली, की दुसऱ्या कोणाला विचारायची गरज उरत नसे.

माझं लग्न चंद्रपूरला ठरलं. पाठवणीच्या वेळी सगळ्या रडत होत्या. मावशीला मिठी सोसत नाही, म्हणून मी तिचा पदर धरून रीतीप्रमाणे म्हटलं, "मावशी, चल न माझ्यासोबत." ती आत गेली, बॅग भरून आणली आणि गाडीत नवरदेवाशेजारी जाऊन बसली. आईचं रडणं जागीच थांबलं.

मावशी माझ्या सासरी काही दिवस राहिली. ती निघताना मी पुन्हा रीतीनंच म्हटलं, "राह न अजून."

तिनं माझ्या बांगड्यांकडे बघत विचारलं, "खरंच म्हणते तू, का बोलाचं म्हणून?"

मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्या नव्या घरात मला मुळीच करमत नव्हतं, आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"खरंच," मी म्हटलं.

मावशीनं बॅग उघडली आणि एकेक साडी परत बाहेर काढू लागली.