झुंबरबाईचं चाडं

वडीगोद्रीत असताना कडूबा सुतार अख्खी तिफण एकटा करायचा. बाभळीचं लाकूड निवडण्यापासून फण बसवण्यापर्यंत सगळं त्याच्याच हातचं. चाडं कोरण्याआधी मात्र तो पेरणाऱ्या बाईचा हात बघायचा. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. बाई मुठीतलं बी त्यात सोडते आणि तळाच्या तीन भोकांतून, नळ्यांवाटे, ते तीन तासांत, म्हणजे फणांनी पाडलेल्या तीन ओळींत, पडतं. हात बघायचं हे कडूबाचं खूळ गावाला ठाऊक होतं.

रामकिसनच्या बायकोची, झुंबरबाईची, दोन बोटं लहानपणीच विळ्यानं गेलेली. तिच्यासाठी कडूबानं उथळ चाडं केलं, भोकं जवळजवळ घेतली. त्या अर्ध्या पंजानं ती अशी पेरायची, की पेरणी निघाली की गाव आधी तिच्या दारी. कडूबाला बहीण नव्हती. भाऊबीजेला तीच ओवाळायची.

चौपन्न साली जुन्या जालन्यात एका शेठनं तिफणींचा कारखाना काढला आणि कडूबा तिकडं गेला. तिथं अकरा माणसं ओळीनं बसलेली. एकानं तासायचं, दुसऱ्यानं रंधायचं, तिसऱ्यानं जोडायचं. काम पुढं सरकणार, माणूस जागचा हलणार नाही. कडूबाच्या वाट्याला चाड्याची भोकं आली. पत्र्याचं माप ठेवायचं, तीन भोकं पाडायची, पुढं ढकलायचं.

"शेठ, बाईचा हात कसा हाय?" पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं. सगळी ओळ हसली.

"मिस्त्री, सगळ्यांचे हात बराबर असतात," शेठ म्हणाला. पुढं पुढं कडूबालाही ते पटलं. खरं चुकलं ते इथंच.

चौथ्या दिवाळीला तो वडीगोद्रीत मोटारीतून उतरला. रस्त्याकडेलाच रामकिसनचा शाळू होता. दोन तासं हिरवी आणि तिसरं उजाड, पार बांधापर्यंत. कडूबा थेट रामकिसनच्या घराकडं निघाला.

घरी झुंबरबाईनं नवं चाडं पुढं ठेवलं. "जुनं चिरलं, दादा. तुमच्या कारखान्याचं हाय म्हणून मीच आणायला लावलं. आता लोक म्हणत्येत, बाईचा हात गेला. पेरायला कोणी बोलवत न्हाई."

भोकं कडूबानं लगेच ओळखली. तिसरं लांब होतं, तिची बोटं तिथवर पोचत नव्हती. तो तसाच पारावर गेला आणि चारचौघांत म्हणाला, "दोष तिच्या हाताचा न्हाई, मापाचा हाय. भोक मीच पाडलंय."

"मंग बाकीच्या बायांना कसं जमून राह्यलं?" धर्मराज पाटलानं विचारलं.

सुट्टी संपली तरी तो चार दिवस राहिला. झुंबरबाईचा हात पुन्हा मापला आणि तिच्यासाठी चाडं कोरलं. तिनं चाड्याला हळदकुंकू वाहिलं, दोघांनाही बरं वाटलं.

पुढल्या भाऊबीजेला तो आला तेव्हा शाळूची तिन्ही तासं भरलेली होती. धावतच तो घरात शिरला. "पेरलंत ना, बाई?"

"जाऊबाईनं पेरलं," ती म्हणाली. "मी भाकरी घेऊन गेल्ते."

चाडं कोनाड्यात होतं, कुंकू वाळलेलं. कडूबानं तिसऱ्या भोकात बोट घातलं. त्यानंच पाडलेला भुसा अजून तिथंच होता. त्याला रडू आवरेना.

झुंबरबाई ताट घेऊन उभी होती. "बसा पाटावर, दादा," ती म्हणाली. "दिवा विझंल."