बत्तीस पावणं आणि मी

आमचे मालक गाईड होते. कोल्हापूरच्या स्टँडसमोरून एका टूरवाल्याची बस सुटायची. सकाळी अंबाबाई, मग नवा राजवाडा, रंकाळा, दुपारी पन्हाळा, शेवटी जोतिबा आणि दिवेलागणीला परत. ह्या बसमध्ये ड्रायव्हरकडं पाठ करून उभं राहायचं आणि परगावच्या माणसांना कोल्हापूर दाखवायचं, हे मालकांचं काम. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मी लग्न होऊन शाहूवाडीकडच्या खेड्यातून इथं आले त्याला सहा वर्षं झाली होती, आणि अंबाबाई अन् रंकाळा सोडला तर मी ह्यातलं काहीही बघितलं नव्हतं.

एक आधीच सांगते. आमच्याकडं बाया 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. माझी लेक मास्तरीण आहे. ती म्हणाली, आई, कागदावर तरी जाते-येते लिही. म्हणून लिहितेय. बोलताना माझ्याकडून ते व्हायचं नाही.

तर बघितलं काही नव्हतं, पण पाठ सगळं होतं. मालक सकाळी दाढी करताना आरशासमोर तयारी करायचे आणि मी चुलीपुढं भाकरी थापत ऐकायचे. पन्हाळ्यावरची अंधारबाव म्हणजे विहीर, पण तिला तीन मजले, मधल्या मजल्यावर खिडकी, तिथं भर उन्हाळ्यात गार वारा लागतो. सज्जा कोठीवरून खालचं सगळं खोरं दिसतं. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, सगळं ठरलेलं. घरात 'हाय' आणि 'न्हाय' बोलणारा माणूस आरशात 'आहे' आणि 'नाही' म्हणायचा. एक 'पावणं' तेवढं सोडलं नव्हतं. मुंबई-पुण्याच्या माणसांना पावणं म्हटलेलं फार गोड वाटतं म्हणे.

आणि हेही वाक्य पाठ करायचे, 'बाईसाहेब, सावकाश. पायरी निसरडी आहे. हात द्या.'

ह्या वाक्याला माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोटुशी असताना मी आमच्या न्हाणीत पाय घसरून पडले होते. तेव्हा हेच गाईडसाहेब दारात उभं राहून म्हणाले होते, 'बघून चालायला काय हुतंय तुला?' त्या बायांना हात आणि मला हे. खोटं कशाला बोलू, मी त्या बायांवर जळायचे. एकीचंही तोंड बघितलेलं नव्हतं, तरी जळायचे. वर त्यांची पत्रं यायची. 'आपण फार आपुलकीने कोल्हापूर दाखविलेत.' मालक ती पत्रं देवाच्या फळीवर ठेवायचे, कुंकवाच्या करंड्याशेजारी. रोज सकाळी मी आधी तो गठ्ठा बाजूला सारायची आणि मगच देवाला फूल वाहायची.

रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट तर त्यांची हुकमी. नंदी दर वर्षी गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी तळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. एकदा मी विचारलं, 'अवो, खरंच सरकतोय व्हय त्यो?'

'सरकतंय कुठलं! दगूड हाय. पण पावण्यांस्नी आवडतंय. गाईडला थोडं खोटं बोलावंच लागतंय.'

माझी माहेरची एस.टी. वाघबिळावरून जायची. तिथून मान वर केली की पन्हाळा दिसायचा. सहा वर्षं मी तो खालूनच बघत होते. दर खेपेला मनात यायचं, ह्या घटकेला आमचा माणूस वर कुणातरी बाईला सावकाश म्हणत असणार. शेवटी एका दिवाळीनंतर मी परात आपटली. म्हटलं, 'रविवारी मला पन्हाळा दावा. न्हायतर मी माझी माझी जातो आणि वर जाऊन सगळ्यांस्नी सांगतो, मी गाईडची बायकू, मला कुणी दावलं न्हाय.'

मालक घाबरले. मी बोलले की करते हे त्यांना ठाऊक होतं. 'सीट एक बी रिकामी न्हाय,' म्हणाले. 'ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर बसावं लागंल. आणि माज्याशी बोलायचं न्हाय. पावण्यांस्नी काय वाटंल?'

रविवारी मी लग्नातला शालू सोडून सगळं नेसून बघितलं आणि शेवटी हिरवं इरकल नेसले. बॉनेट म्हणजे बसच्या आतलंच इंजिनाचं झाकण; वर गोणपाट घातलं होतं, तरी खालून चटके बसत होते. माझं तोंड पावण्यांकडं. अगदी समोर पुण्याची एक बाई. नायलॉनची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. सारखं आपलं 'हे काय हो? ते काय हो?' आणि मालक तिच्या सीटवर हात ठेवून, वाकून सांगायचे. मला वाटलं, हीच ती. म्हणजे सगळ्या बायांची मिळून एकच केलेली, तशी ती होती.

राजवाड्यापाशी उतरताना तिनं मला विचारलं, 'तुम्ही नाही का येत?' मी म्हटलं, 'येतो की.' ती हसली. 'येतो? अहो, येते म्हणा!' मालकही हसले. तिच्याबरोबर हसले! घरात जन्मभर 'मी जातो' ऐकणारा माणूस. मी मनात म्हटलं, थांबा, रातच्याला भाकरीसोबत मिरची वाढतो तुमाला.

प्रत्येक ठिकाणाहून निघताना मालक माणसं मोजायचे. मोजायची त्यांची पद्धत आमच्या खळ्यावरची. खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. मालकांचा बाप शेतकरी, म्हणून हेही सीटच्या पाठीला हात लावत 'लाभ, दोन, तीन' करत मागं जायचे. बत्तीस भरले की ड्रायव्हरला हाळी, 'जाऊ द्या!' पावण्यांना त्याचीही मजा वाटायची. लाभ नेहमी पुढच्या सीटवर पडायचा, आणि पुढच्या सीटवर होती पुण्याची बाई. दिवसभर लाभ तिचाच चालला होता.

पन्हाळ्यावर अंधारबाव आली. अगदी आरशातल्यासारखी. तीन मजले, मधली खिडकी, सगळं जिथल्या तिथं. मी पायऱ्या उतरायला लागले आणि वरून आवाज आला, 'बाईसाहेब, सावकाश. पायरी निसरडी आहे. हात द्या.' मी वेडी! मला वाटलं, मलाच. हात वर करून वळले, तर मालकांनी तिचा हात धरला होता. माझा हात तसाच राहिला, मग मी त्याच हातानं पदर सारखा केला.

मी पुढं निघून गेले आणि खिडकीपाशी भिंतीला टेकून उभी राहिले. वारा खरंच गार होता. डोळ्यांना पाणी आलं होतं ते कुणाला दिसू नये म्हणून बाहेर तोंड करून उभी होते. मागं माणसं आली, बघून गेली. मला वाटलं, आता हाक मारतील. पावण्यांसमोर मोठ्यानं नाही, पण खाकरतील तरी. कुणी खाकरलं नाही. मी वर आले तर तिथं बस नव्हती.

आधी वाटलं, पुढं नेऊन लावली असंल. बांगड्यावाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, 'गेली की मगाशीच, खाली. तुमाला ठेवून गेल्ती व्हय?'

 मी चालायला लागले. नाका ओलांडला, घाटाच्या रस्त्याला लागले. रडत नव्हते, नुसती धुमसत होते. मनात पक्कं केलं, वाघबिळापर्यंत चालत जायचं, शाहूवाडीची एस.टी. धरायची आणि सरळ माहेर गाठायचं. देवाच्या फळीवर पत्रं आहेतच, त्यांनाच लावा म्हणावं भाकरी करायला.

तिसऱ्या वळणावर खालून बस वर येताना दिसली. करकरून थांबली. आधी खिडकीतून काळा चष्मा बाहेर आला. 'सापडल्या हो, सापडल्या!' पुण्याची बाई टाळ्या वाजवत होती. मागनं मालक उतरले. तोंड उतरलेलं, शर्ट घामानं भिजलेला.

'आगं, कुटं गेल्तीस?'

'मी कुटं जातो? तुमीच गेल्तासा! माणसं मोजलासा न्हवं?'

'मोजली की. बत्तीस बरोबर भरली.'

'आणि मी?'

 हा प्रश्न मालकांना खरंच कळला नाही. मग म्हणाले, 'तुला कशाला मोजायचं? तू काय पावणं हायस?'

त्यांच्या मनात त्यात वावगं काही नव्हतं, उलट माया होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी सगळ्या बससमोर म्हटलं, 'मग मला आजपास्नं पावणं म्हणा. पावण्यांचं बरं चाललंय.'

बसमध्ये हशा पिकला. पुण्याची बाई जागेवरून उठली. 'या, तुम्ही माझ्या जागेवर बसा,' म्हणाली आणि स्वतः नायलॉनच्या साडीनिशी बॉनेटवर जाऊन बसली. मालकांनी मला दारातून वर घेताना हात दिला. पायरी काही निसरडी नव्हती. मग मी बसले त्या सीटवर हात ठेवून मालक खणखणीत आवाजात म्हणाले, 'लाभ!' आणि मागं मोजत गेले. ह्या खेपेला तेहतीस भरले. मी खिडकीबाहेर बघत होते, पण ऐकलं.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मी थांबणारी नव्हे. उतार लागल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, 'मी न्हाय हे कुणी वळखलं वो?' त्यानं बॉनेटकडं मान उडवली. 'ह्या बाईंनी की. मला वाटलं, चटकं बसत्यात म्हणून तुमी मागं जाऊन टेकलायसा. पार वाघबिळापतोर गेल्तो आपण. ह्याच म्हणाल्या, त्या हिरव्या साडीतल्या येतो म्हणणाऱ्या बाई कुठायत?'

बाईनं मोजलं होतं मला. जिच्यावर मी दिवसभर जळले, तिनं. तिचे उपकार मानायचे सोडून मी दुप्पट जळले. तिला माझी साडी ध्यानात होती, बोलणं ध्यानात होतं. आणि ज्याच्यासाठी मी ती साडी नेसले होते त्याचे बत्तीस बरोबर भरत होते.

पुढं कितीतरी वर्षं, भांडण नसताना, भाजी निवडता निवडता मी विचारायची, 'अवो, ती बाई बोलली नसती तर तुमच्या कदी ध्यानात आलं असतं?' मालक थोडा वेळ खरंच विचार करायचे आणि म्हणायचे, 'जोतिबाला आलं असतं बघ. तितं च्या प्यायला उतरताना.' मालक अंथरुणाला खिळले तेव्हाही मी एकदा विचारलं. आवाज गेला होता. ओठ हलले तेवढे. जोतिबाला.

बत्तीस पावण्यांपुढं रोज दगडाचा नंदी सरकवणारा माणूस. मला एकदा, 'लगीच आलं असतं की गं,' एवढं खोटं सांगता आलं न्हाय त्यांना.