गल्लीचं ताक

आमची आत्या दूध विकायची, तूप विकायची. ताक मात्र तिने कधी विकले नाही. कंधारात नवीन आलेल्या एखाद्या बाईने चुकून ताकाचा भाव विचारला, तर आत्या तिला दारातच झापायची. “दूध माझं हाय, तूप माझं हाय. ताक गल्लीचं. दुसऱ्याचं कसं इकू मी?” आणि एवढे बोलून झाले की त्याच बाईचा तांब्या काठोकाठ भरून द्यायची.

ती माझ्या वडिलांची, नानांची, थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आईवेगळ्या भावाला तिनेच वाढवले. निजामी अमलात मराठी पोराला शिकायचे तर उर्दू हवी, म्हणून तूप विकून तिने त्यांना मौलवीसाहेबांकडे धाडले. पुढे नाना कचेरीत कारकून झाले. तरी घरात खरा हुकूम चालायचा तो आत्याचा आणि चंद्री म्हशीचा. चंद्रीने मान हलवली की तिच्या गळ्यातली घंटा वाजायची आणि आत्या आतून ओरडायची, “आले गं बाई, आले!” अशा लाडाने ती आम्हांला कधी बोलली नाही. आम्ही यावरून तिला चिडवायचो. ती म्हणायची, “तुमी दूध देता का?”

त्या उन्हाळ्यात आत्याने अंथरूण धरले. पायांवर सूज आली, दम लागू लागला. पडल्यापडल्या तिने नानांना बजावले, “माझं वय झालंय. वैद्याचा काढा बास हाय. पर म्हशीला हात लावायचा न्हाई. तिच्यावर गल्ली जगती.” नानांनी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केले.

आणि नांदेडहून डॉक्टर आणला. भाड्याच्या मोटारीतून. परक्या पुरुषाने छातीला नळी लावली तेव्हा आत्याने पदराने तोंड झाकून घेतले. डॉक्टर भला माणूस होता. ओट्यावर येऊन त्याने नानांना स्पष्ट सांगितले, “माझ्या येण्याने आता फार काही होणार नाही. उगाच खर्चात पडू नका.”

नाना म्हणाले, “तरी येत जा.”

संध्याकाळी कचेरीतली माणसे समाचाराला येत. “इलाज कुणाचा?” असे कोणी विचारले की नाना सांगत, “नांदेडच्या डॉक्टरांचा.” हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. त्यांचे बहिणीवर प्रेम नव्हते असे नाही. पण आईसारख्या बहिणीला काढ्यावर ठेवले असे लोक म्हणतील, याची धास्ती त्या प्रेमाहून मोठी झाली होती. आम्हांलाही ती मोटार दारात उभी राहिलेली आवडत होती. आज हे सांगताना मान खाली जाते.

डॉक्टर टोचायचा त्या सुया महाग होत्या, मोटार त्याहून. अखेर एका पहाटे नानांनी चंद्री विकली. आत्याला कळू नये म्हणून म्हशीच्या गळ्यातली घंटा आधी काढून घेतली आणि मागच्या दाराने तिला अहमदपूरच्या व्यापाऱ्याच्या हवाली केली.

त्याच दिवशीच्या खेपेला डॉक्टर म्हणाला, “आता त्या मागतील ते द्या.” आत्याने ताक मागितले. आई पदराखाली वाटी झाकून समोरच्या शेवंताबाईकडे गेली; आमच्याच घरून काल नेलेले ताक तिच्याकडे थोडे उरले होते.

“चंद्रीचा आवाज न्हाई आला सकाळपून,” आत्या म्हणाली.

नाना उठले. कोनाड्यातली घंटा धोतराच्या सोग्यात लपवून गोठ्यात गेले आणि तिथून ती वाजवू लागले. कचेरीत ज्यांना लोक वाकून सलाम करत, ते माझे वडील रिकाम्या गोठ्यात उभे राहून घंटा हलवत होते.

आत्या जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “नाना, ये इकडं. म्हैस अशी मान हलवत न्हाई. कशाला करून राहिलास रे हे?”

नाना तिच्या पायांशी येऊन बसले. “अक्का, तुझ्या इलाजासाठी…”

“म्या मागितला हुता का इलाज?” तिचा आवाज चढला नाही. “माझ्यापायी गल्लीचं ताक गेलं. आता कुन्या तोंडानं जाऊ रे मी?”

आईने आणलेल्या वाटीतले ताक तिने ओठांना लावले आणि वाटी परत दिली. “शेवंतीकडचं न्हवं का हे? तिची लेकरं हायेत. त्यांना दे.” मग तिने भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही, आणि दोनेक दिवसांत गेली.

तेराव्याला सारी गल्ली जेवायला होती. कचेरीतले साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “बहिणीसाठी एवढं कोण करतं? नांदेडचा डॉक्टर आणला!” नानांनी हात जोडले, पण मान वर केली नाही. एवढ्यात आई पंगतीत ताक वाढायला आली. शेवंताबाईने द्रोण पुढे केला, आत पडलेले ताक पाहिले आणि न पिताच तो पानाशेजारी ठेवून दिला.

ते ताक आम्ही पेठेतल्या हलवायाकडून विकत आणले होते.