भिंतीकडचा मल्लिनाथ

आम्ही जुने मित्र जमलो की आधी चहा येतो आणि चहाच्या मागोमाग गप्पांत बिराजदार सर येतात. सत्तरच्या दशकात बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेली आम्ही मोजकी टाळकी. शिकलेलं सगळं सोलापूरच्या उन्हात वाळून गेलं, किस्से तेवढे उरले. त्यातले निम्मेच हसायचे आहेत. उरलेल्यांनाही आम्ही हसतो, काय करणार?

*

देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद शिकवायची सरांची एक पद्धत होती. पहिल्याच दिवशी ते बाजू नेमून द्यायचे. खिडकीकडच्या बाकांनी वर्षभर देव आहे म्हणायचं, भिंतीकडच्यांनी नाही म्हणायचं. मी खिडकीकडं. वारा यायचा, त्यामुळे देव असण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

भिंतीकडं आला मल्लिनाथ हिरेमठ. अक्कलकोटकडच्या जंगमाचा मुलगा, म्हणजे गावातल्या पूजा आणि मर्तिकं करणारं घर. कपाळावर विभूतीचे पट्टे. त्याला प्राध्यापक व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

"सर, मला तिकडं बसवा की. हे मला जमायचं न्हाय."

"श्रद्धा आहे म्हणूनच भिंत दिली," सर म्हणाले. "सोपी बाजू कुणीही घेईल."

सर स्वतः कुठल्या बाजूचे? विचारलं की म्हणायचे, "मी परीक्षकाच्या बाजूचा."

*

एकदा सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून दाखवलं. घड्याळ आहे म्हणजे ते बनवणारा आहे, तसंच जगाचं.

विणकराच्या घरातला नरसय्या उठला. "सर, चादर हाय म्हणजे विणणारा हाय, हे पटलं. पण आमचा बाप पोत्यावर झोपतो. देव कशावर झोपतो?"

"सिलॅबसच्या बाहेर जाऊ नको," सर म्हणाले आणि घड्याळ बांधून टाकलं.

*

मग दुष्काळ पडला. होस्टेलच्या मेसमध्ये अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी सुरू झाल्या, त्याच महिन्यात सरांनी परिपूर्णतेचा युक्तिवाद काढला. जो परिपूर्ण आहे त्याच्यात कसलीच उणीव नसते. नसणं ही उणीव. म्हणून तो आहेच.

मेसचा आचारी वरणात पाणी ओतत होता, तेव्हा नरसय्या म्हणाला, "ओता मामा. आमी परिपूर्ण वरणाची कल्पना करतो, ते हायच."

*

गॅदरिंगच्या वादविवादात सरांनी मल्लिनाथला उभं केलं. बाजू अर्थातच नेमलेली.

तो म्हणाला, "गावची विहीर आटली. पिंडीवर तांब्या ओतायचा की पोराला पाजायचा, असं माझ्या आईनं देवाला विचारलं. उत्तर आलं नाही. पिंड ओली राहिली, गाव कोरडं राहिलं."

हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. कप मिळाला. सर दिसेल त्याला सांगत होते, "माझा विद्यार्थी!" दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लिनाथ नेहमीसारखा पूजा करून, विभूती लावून वर्गात आला.

*

हॉलमध्ये त्याच्या गावचा कुणीतरी होता. पुढच्या महिन्यात मल्लिनाथचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे.

"सर, गावानं आमाला बोलवायचं बंद केलंय. पोरगा देव न्हाय म्हणतोय आन् बाप कुठल्या तोंडानं पूजा करतोय, म्हणत्यात. तुमी एकदा येऊन सांगा की, कालेजातला पाठ हुता म्हणून."

सर हसले. "अहो स्वामी, वर्गातली बाजू वर्गातच राहते. त्यासाठी मी गावोगाव फिरू का?"

"मग ती गावापतूर आली कशी?" म्हातारा म्हणाला आणि जिना उतरला.

एस.टी.नं अर्ध्या दिवसाचं काम होतं हो. सर गेले नाहीत. मला अजून राग येतो. शेवटच्या वर्षाची परीक्षा न देता मल्लिनाथ कॉलेज सोडून गेला. गावानं त्या घराशी संबंध तोडले ते तोडलेच, मग बापलेक सोलापुरात येऊन मर्तिकं करू लागले. भिंतीकडची जागा रिकामी झाली, तिथं सरांनी दुसरा मुलगा बसवला.

*

पुढं सरांची आई गेली. सरही त्याच समाजातले, जंगम आल्याशिवाय अंत्यविधी होत नाही. आम्ही सगळे गेलो होतो. आईला रीतीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलेलं. नेहमीचे जंगम स्वामी परगावी, म्हणून कुणीतरी दुसऱ्यांना बोलावून आणलं.

दारात मल्लिनाथ. कपाळावर तेच पट्टे, हातात विभूतीचा गोळा.

सर उठले. रीत म्हणून जंगमाच्या पायावर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग हात जोडून म्हणाले, "मल्लिनाथ, आईचं आहे. मनापासून कर रे बाबा."

मल्लिनाथनं आधी भिंतीकडं बघितलं, मग सरांकडं.

"करतो की सर," तो म्हणाला. "बाजू तेवढी नेमून द्या."