नको म्हटलेली मावशी

गेली तीन वर्षं मी देवीपुढे हात जोडत होते, पण मन काही जुळत नव्हतं. माझी मुलगी ईरा दोन वर्षांची असताना डे-केअरमध्ये कुणीतरी तिला शेंगदाण्याचं बिस्किट दिलं आणि पाहता पाहता तिचा चेहरा सुजून डोळे मिटले. त्या दिवशी ती वाचली, पण माझ्यातलं काहीतरी आटून गेलं. माझ्या आईची अंबाबाईवर फार श्रद्धा. ती फोनवर म्हणायची, "तिच्यावर सोड गं सगळं." मला राग यायचा. जिच्यावर सोडायचं, ती त्या दिवशी कुठे होती? तेव्हापासून मी कुणावरच काही सोडेनाशी झाले. शाळेतल्या टीचरवर नाही, शेजारच्या काकूंवर नाही, वाढदिवसाच्या केकवर तर नाहीच. ईराच्या मनगटावर ॲलर्जीची लाल पट्टी आणि माझ्या मनात सगळ्या जगाबद्दल संशय, असे आमचे दिवस चालले होते.

माझा नवरा निखिल कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. लग्नाआधी दोन वर्षं तो मलेशियात, पेनांगला होता. तिथल्या रस्त्यावरच्या खाण्याचा विषय निघाला की तो वेगळाच माणूस होतो. लॉस एंजेलिसजवळ मलेशियन लोक एका पार्किंग लॉटमध्ये खाद्यजत्रा भरवणार आहेत असं त्याला कळलं आणि तो हट्टालाच पेटला. "यार, तू सगळं चेक कर, पण जाऊ या तरी," म्हणाला. एका लाँग वीकेंडला, आम्ही राहतो त्या चँडलरहून सहा तास ड्राइव्ह करून आम्ही गेलो. रात्री हॉटेलमध्ये राहिलो आणि रविवारी सकाळी अकराला तिथे पोचलो.

निखिल लहान मुलासारखा या स्टॉलवरून त्या स्टॉलवर धावत होता. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, काड्यांना टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओतला जाणारा फेसाळ चहा. मला मात्र सगळीकडे शेंगदाणेच दिसत होते. भातावर शेंगदाणे, काड्यांबरोबरच्या चटणीत शेंगदाणे, आणि आपम बालिक नावाच्या जाड घावनाच्या तर पोटातच कुटलेले शेंगदाणे. शेवटी ईरासाठी एकच पदार्थ ठरला. रोटी चनाई, म्हणजे आपल्या पराठ्याचीच मऊ, पापुद्र्यांची बहीण, बरोबर डाळ. रोटीवाल्याला मी तीनदा विचारलं. पिठात, तेलात, डाळीत, कशातच शेंगदाणा नाही, असं त्यानं तीनदा सांगितलं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की एक बाई बराच वेळ आमच्या मागे आहे. साठीच्या आसपासची, डोक्याला फिकट निळा स्कार्फ, खांद्यावर मोठी कापडी पिशवी. चहाच्या स्टॉलवर ती होती, भाताच्या स्टॉलवर होती, आता इथेही होती, आणि तिची नजर सारखी ईराकडे. तो स्कार्फ पाहून माझं मन जरा जास्तच सावध झालं, हेही इथे लिहायला हवं. लाज वाटते, पण ते खरं आहे. ती पुढे आली, ईराच्या मनगटाकडे बोट करून इंग्रजीत विचारू लागली, "हिला काय—"

"आम्ही ठीक आहोत," मी तिचं बोलणं तोडलं. "प्लीज, आम्हाला एकटं सोडा."

तिचा चेहरा पडला. मान हलवून ती मागे सरली. निखिल म्हणाला, "अगं, काहीतरी विचारत होती ती." मी म्हटलं, "मुलीकडे असं टक लावून कोण बघतं?"

रोटी आली. ईरानं दोन घास खाल्ले, तिसरा हातात होता. त्याच वेळी ती बाई ओरडत धावत आली, "नको, देऊ नका तिला!" रोटीवाल्यानं शेजारच्या आपम बालिकच्या तव्यावरचं उलथणं उचलून आमची रोटी उलटताना तिनं पाहिलं होतं. ईरा खोकू लागली. "आई, माझा थ्रोट इची होतोय," म्हणाली. ओठ सुजायला लागले, गळ्यावर लाल गांध्या उठल्या.

ॲलर्जी उठली की मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन काढायला मी पिशवीत हात घातला. पेन नव्हतं. सकाळी हॉटेलमध्ये आम्ही मोठी सॅक ठेवून छोटी पिशवी घेतली होती. पेनचा पाऊच निखिलनं घेतला असं मला वाटलं, मी घेतला असं त्याला. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला स्वतःची पिशवी तपासायचं सुचलं नव्हतं.

निखिल ॲम्ब्युलन्ससाठी फोन करत होता. ती बाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिच्या हातात पेन होतं, अगदी आमच्यासारखंच. "लहान मुलांचं आहे. माझ्या सहा वर्षांच्या नातीचं." आणि सांगायला संकोच वाटतो, त्या क्षणीही मी ते पेन घेऊन त्यावरची तारीख वाचली. तेवढा वेळ ती थांबली. पण मला त्याचं टोपणही काढता येईना. "मी देऊ?" तिनं विचारलं.

"द्या," मी म्हटलं, आणि ईराचा पाय तिच्या हातात दिला.

सुई टोचताना तिनं ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेतलं. त्याच वेळी माझ्या तोंडून "अंबाबाई" निघालं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते आतून आलं होतं. काही मिनिटांत ईराचा श्वास मोकळा झाला आणि ती रडायला लागली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी ईराबरोबर ॲम्ब्युलन्समधून हॉस्पिटलला गेले. निखिलला रस्ता दाखवायला ती बाई त्याच्या गाडीत बसून आली. तो तिला माकचिक म्हणत होता. मलय भाषेत मावशी. संध्याकाळपर्यंत ती आमच्याजवळ बसून राहिली. नातीला तसाच त्रास, म्हणून लाल पट्टी तिच्या लगेच नजरेत भरली होती. आज नात तापामुळे घरीच होती. घरात दुसरं पेन होतं, म्हणून हे पिशवीतून काढून ठेवावं असं सकाळी तिच्या मनात आलं होतं, पण घाईत राहून गेलं.

मग ती हळूच म्हणाली, "मला माफ करा. उलथणं दिसलं तेव्हा मी लगेच पुढे आले नाही. त्याआधी तुम्ही नको म्हणाला होतात ना."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माफी मागायची ती मी, आणि मागत होती ती.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. ते ठरवायची माझी पात्रताही नाही. माझ्या दारात आलेली कृपा मी स्वतः हाकलली होती आणि ती अपमान गिळून परत आली, एवढंच मला माहीत आहे. आजही मी प्रत्येक पाकिटावरची अक्षरं वाचते, पेन दोनदा तपासते. ते आईचं कामच आहे. पण त्यापुढचं आता देवीवर सोडता येतं, आणि रोज तिच्याजवळ एकच मागणं असतं. आई, तू पाठवशील त्या माणसाला ओळखायची बुद्धी दे. आणि मी नाहीच ओळखलं, तर माझं 'नको' मनावर घेऊ नकोस.