प्रत्यक्ष पाहिले

औषधाच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. बोटभर काचेची कुपी दिव्यासमोर धरायची, आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या, आणि आतल्या औषधात काही तरंगतंय का ते पाहायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तिने तेच केलं. नव्या बायकांना ती एकच मंत्र द्यायची, "कुपी हलके फिरवा. बुडबुडा वर पळतो, कचरा खाली बसतो. माणसांत मात्र उलटंही होतं."

परवा कारखान्यात एक गुळगुळीत पुस्तक आलं. जैविक औषधांच्या उद्योगाने राज्याची कशी भरभराट केली, याचा सरकारी अहवाल. मुखपृष्ठावरच फोटो घारीचा: डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, दोन डोळे आणि मध्ये कुपी.

तिची नणंद पलीकडच्या खोलीत कुप्या धुवायची. ती म्हणाली, "वहिनी, राज्याच्या तोंडावर झळकलीस की. आता आम्हाला ओळखशील ना?"

घार हसली. घरी जाऊन तिने आतली पानं बोट ठेवून वाचली, आणि हसू मावळलं. कंपनीच्या पटावरचे ते 'प्रत्यक्ष रोजगार'. कंत्राटदाराची माणसं, म्हणजे तीही, 'अप्रत्यक्ष'. मालमोटारी, खानावळी आणि चहाच्या टपऱ्यांच्या रांगेत.

चहाची टपरी फाटकाबाहेर असते. आपण चार दारं ओलांडून, तीनदा हात धुऊन आत जातो. मग आपण बाहेरच्या कशा?

आज सकाळी डोळ्यांची तपासणी झाली. तपासणी खात्याच्या साहेबांनी तिला बाजूला घेतलं.

"नंबर वाढलाय, बाई. उद्यापासून येऊ नका."

"मागल्या वर्षी तुमच्या पटावरच्या बाईचाही वाढला होता. तिला लेबलं लावायला बसवलंत."

"ती कंपनीची. तुम्ही कंत्राटदाराच्या."

"मग आत्ताच निघते."

"तसं नको. संध्याकाळी माल जायचाय. पाळी पुरी करा."

"म्हणजे डोळे उद्यापासून अधू, आज संध्याकाळपर्यंत शाबूत."

"वाकड्यात शिरू नका," साहेब म्हणाले.

ती दिव्यापुढे बसली. घरी नवऱ्याची कंबर धरलेली. चूल पेटायची ती तिच्या डोळ्यांवर. राग होताच. पण हात जुना होता, तो कुप्या फिरवत राहिला.

दुपारी एका कुपीत तिला धागा दिसला. मग दुसरीत. मग तिसरीत. तिने सगळा ट्रे बाजूला सारला आणि साहेबांना बोलावलं.

"बुडबुडे असतील," साहेब म्हणाले. "सकाळीच कळलंय ना, डोळ्यांचं काय झालंय ते."

घारीने कुपी हलके फिरवून त्यांच्यापुढे धरली. "वर पळतोय का बघा."

काचेचा पांढरा तंतू गिरकी घेत सावकाश खाली उतरला आणि तळाशी बसला. साहेबांनी तो पाहिला. दाराकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"ट्रेच्या चिठ्ठीवर बुडबुडा लिहा, माल जाऊ दे. लेबलच्या टेबलावर जागा होईल तुमची. पटावर. माझा शब्द."

एकोणीस वर्षं जो शब्द मिळाला नाही, तो आज एका बुडबुड्याच्या मोलाने मिळत होता. क्षणभर तिला ते टेबल दिसलं, खुर्ची दिसली, नवऱ्याचं औषध दिसलं. आणि औषध म्हणताच ती सुई दिसली. हे पाणी कुणाच्यातरी शिरेत जाणार होतं.

'काय आढळले' या रकान्यात तिने लिहिलं, 'काचेचा तंतू.' पुढे थांबली. मग दाबून, कागद खचेल इतकं दाबून लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले.' खाली सही केली.

"हे काय लिहिलंत?"

"खोडायचं तर खोडा," ती म्हणाली. "एकच रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तुमची सही. चिठ्ठी फाडायची नाही. तुम्हीच शिकवलंत."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. बराच वेळ ते पेन तसंच कागदावर अधांतरी राहिलं.

पाळी संपायला अजून दोन तास होते. घारीने पुढची कुपी उचलली आणि हलके फिरवली.